शिडाच्या बोटीने वैनगंगा : आंभोरा ते गोसीखुर्द

विदर्भाला किनारा नाही असं म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतरचं गोसीखुर्दचं पाणी पाहून यावं. धरण २४५.५० मीटरच्या पूर्ण पातळीजवळ टेकलेलं असतं. वैनगंगेचं मूळ पात्र कुठून जात होतं ते काठावरून अजिबात कळत नाही. नाल्यानाल्यांतून पाणी आत शिरलेलं, टेकाडांची बेटं झालेली, आणि काठ म्हणाल तर दगड, बाभळी आणि सुकलेल्या झाडांचे सांगाडे. या काठाकाठाने शिडाच्या बोटीने जायचं माझ्या आणि कॅप्टनच्या मनात कधीचं होतं. कॅप्टन काही खरा कॅप्टन नाही. नागपूरला शिकताना आम्ही दोघं एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो, अंबाझरी तलावावर शिडाशी झटापट करायचो, त्यात याला वारा आधी कळायचा. नाव पडलं ते पडलं. आता तो नागपुरात नोकरी करतो आणि मी पवनी तालुक्यात धान पिकवतो.

बोट त्याची. एंटरप्राइज जातीची, मुंबईकडून जुनी घेतलेली. जॅक होल्ट या इंग्रजाने १९५६ साली आखलेली ही बोट एनसीसीच्या पोरांना चांगली ठाऊक असते : चार मीटर लांबी, दोन माणसं, एक मेनसेल म्हणजे मोठं शीड, एक जिब म्हणजे पुढचं लहान शीड, आणि मधे वरखाली होणारा सेंटरबोर्ड, म्हणजे बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी. कागदोपत्री ही यॉट. प्रत्यक्षात जेवणाचा डबा आत ठेवला की पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो.

गुरुवार : आंभोरा

नागपूर–कुही–आंभोरा हा प्रवास टेम्पोत बोट आडवी बांधून झाला. त्यात सांगण्यासारखं एवढंच की रस्त्यात जो तो ‘हे काय लग्नाच्या वरातीले हाय का’ असं विचारत होता.

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्या भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, विवेकसिंधु इथेच लिहिला असं गावात कोणीही सांगतो. आंबेजोगाईचे लोक हाच मान आपल्याकडे घेतात. त्या भांडणात मी पडत नाही, पण टेकडीवरून पाणी पाहिलं की लिहायला बसावंसं वाटणारी जागा आहे एवढं नक्की.

आता मात्र गर्दी देवळापेक्षा नव्या केबलच्या पुलावर जास्त असते. मनोऱ्यात काचेची गॅलरी आहे, तिथे उभं राहून लोक फोटो काढतात. आम्हाला हवा होता तो माणूस पुलाच्या खाली, घाटाच्या पायऱ्यांवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. पूल व्हायच्या आधी माणसं, सायकली, मोटरसायकली या काठाहून त्या काठाला पोचवणारे हे मासेमार धिवर समाजातले मामा. आमचं सामान आणि आमची काळजी वाहायला त्यांचा डोंगा ठरवला होता. पूर्वीचा डोंगा एका लाकडाचा कोरलेला होता, आत्ताचा फायबरचा आहे आणि मागे छोटं इंजिन लावलंय.

पुलाबद्दल त्यांना वाईट वाटत असेल या समजुतीने कॅप्टनने जरा हळहळून विचारलं. मामा म्हणाले, “पूल झाला, बरं झालं जी. माहा धंदा गेला, थे खरं. पन रातच्यानं बाया बाळंतपनाले डोंग्यात घालून नेयाचो आमी. पावसाळ्यात. थो घोर गेला.”

घाटाजवळच्या टपरीवर तळलेली मासोळी आणि भात खाल्ला. रात्री मामांनी आमची बोट बारकाईने पाहिली, सेंटरबोर्ड वरखाली करून पाहिला, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला : “हे खाली लोंबते, थे खुंटाले लागलं तं?”

शुक्रवार : धुकं, जलपर्णी, आणि पाटलाची चिंच

सकाळी सहाला शीड चढवून तयार, आणि वारा शून्य. समोरचा काठही दिसत नव्हता. हे पुढे रोज झालं, म्हणून इथेच सांगून टाकतो. कार्तिकात आपल्याकडे रात्री जमीन गार पडते, थंड हवा पाण्यावर बसून राहते आणि वरचा वारा खाली उतरत नाही. ऊन तापलं की हवा हलते, नऊ-दहाच्या सुमाराला ईशान्येचा वारा सुटतो आणि चार-साडेचारला पुन्हा मरतो. तेव्हा पहाटे उठून घाई करण्यात अर्थ नाही. चहा प्या, पोहे खा.

आम्ही दोन्ही केलं. साडेनवाला पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या आणि आम्ही निघालो.

पहिला अर्धा तास मात्र नाकाला रुमाल बांधून गेला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानला, आणि कन्हान इथे वैनगंगेला. संगमाच्या खाली पाण्याचा रंगच वेगळा होता आणि जलपर्णीचे गालिचे तरंगत होते. सेंटरबोर्डमध्ये आणि सुकाणूत ती अशी गुंतते की शीड भरलेलं असूनही बोट जागची हलत नाही. कॅप्टन पालथा पडून हाताने उपटत होता आणि म्हणत होता, “यातला काही माल आपल्या घरचाच असेल.” नागपूरकराने एवढं तरी कबूल करावंच.

कोणी जाणार असेल त्याच्यासाठी : या दिवसांत वारा ईशान्येचा असल्यामुळे जलपर्णी लोटत लोटत पश्चिमेच्या काठाला जाऊन साचते. म्हणून डावा, म्हणजे भंडारा जिल्ह्याचा काठ धरून चालायचं. तिथे पाणी मोकळं असतं आणि लाटही कमी. पश्चिमेचा काठ टाळायचं दुसरंही कारण आहे. तिकडे दक्षिणेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल सुरू होतं. नागझिऱ्याहून इथे आलेला आणि २०१६ साली बेपत्ता झालेला जय नावाचा वाघ याच जंगलातला. तिथे तंबू ठोकायची परवानगी नाही आणि ठोकूही नये.

संगम मागे पडला आणि पाणी एकदम रुंद झालं. वारा डाव्या खांद्यामागून येत होता, शीड उजवीकडे सोडलेलं, बोट सुरसुरत चाललेली. मामांचा डोंगा पुढे, इंजिन अगदी हळू. नकाशा म्हणून आमच्याकडे मोबाईल होता. त्यावर सगळं निळंशार, जणू कुठूनही कुठेही जावं. मामा मात्र या मोकळ्या पाण्यात असे वळणं घेत चालले होते की जणू गल्लीबोळातून चाललेत. मधेच थांबून हात करायचे, आम्ही जवळ गेलो की सांगायचे :

“थे सुकलेलं आंब्याचं झाड दिसते का? थ्याच्या उजव्या आंगानं नोका जाऊ. खाली पाटलाचं घर हाय. एक भित अजून उभी हाय.”

थोडं पुढे : “आता शाळेवरून चाललो.”

आणि मग, अगदी सहज : “इथं खोल हाय, बिनधास्त चला. हे गावचं तलाव होतं.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. या माणसाला पाण्याची खोली मोजायची गरजच नव्हती, त्याला जमीन पाठ होती. वाट होती तिथे वाट, चढ होता तिथे उथळ. गावाबाहेरची आमराई आता अर्धी पाण्यात उभी होती आणि शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. पाटलाच्या चिंचेचा फक्त वरचा टोकाचा फाटा बाहेर होता. पाणी आणखी दोन हात वर असतं तर ती चिंच आम्हाला दिसली नसती आणि तिच्यावर आमची बोट फाटली असती. समुद्रावर जाणाऱ्यांना खडकांचे नकाशे मिळतात. इथल्या काठाचा नकाशा बुडालेल्या गावांतल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं आता साठीच्या पुढची आहेत. मामांचा भाचा डोंग्यात होता, विशीतला. त्याला जाळं चांगलं टाकता येतं, पण शाळा कुठे होती ते मामांनाच विचारावं लागतं. तो जन्मला तेव्हा गाव होतं, पण त्याच्या आठवणीत नवं गावठाणच आहे.

दुपारी एका नाल्याच्या फाट्यात आत शिरलो. दोन्ही बाजूंना उभे दगड आणि पळसाची झुडपं, वारा एकदम कापला गेला आणि आम्ही वल्ही मारत आत गेलो. तिथे चक्रवाकांची जोडी होती. आम्हाला पाहून ओरडत उठली आणि डोक्यावरून गोल फिरून पुन्हा तिथेच बसली, आम्ही पाहुणे आणि ती घरची असल्यासारखी.

जाळ्यांचं सांगायला हवं. पाण्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत दिसले की खाली जाळं आहे. सेंटरबोर्ड पूर्ण वर घ्या, सुकाणू उचला आणि मधूनच तरंगत पार व्हा, किंवा सरळ वळसा घाला. कोणाचं जाळं फाटलं तर ते त्याच्या घरचं आठवड्याचं तेल-मीठ असतं. मासेमारांच्या सोसायटीला आधी सांगून ठेवलं तर तेच उलट मदत करतात.

मुक्काम पाण्याच्या वर एका टेकाडावर. पोलीस पाटलांना मामांनी फोन करून कळवलं होतं, आणि कोणीही मुक्काम केला तर हे आधी करावं. भाच्याने वाटेतच मरळ काढली होती. मामांनी तीन दगडांची चूल मांडली, लसूण-तिखट दगडावर ठेचलं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरला, आणि असा लालभडक रस्सा केला की कॅप्टनच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून ‘आणखी वाढा’ एकाच वेळी येत होतं. भात माझ्या घरच्या चिन्नोरचा. भंडाऱ्याच्या या वासाच्या तांदळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण मामांना त्याचं कौतुक नव्हतं. “वास घेऊन पोट भरते का जी?” असं म्हणून त्यांनी पातेल्यातला तळ खरवडला.

शनिवार : खुंट आणि मंडई

आज वारा चांगला होता. नऊलाच सुटला आणि वाढत गेला. बोट पाण्यावर उठून पळायला लागली. कॅप्टन काठावर बाहेर झुकलेला, मी जिबची दोरी धरून, आणि दोघांच्या तोंडून एनसीसीतल्या उस्तादांच्या शिव्या आपोआप यायला लागल्या.

अकराच्या सुमाराला खाडकन आवाज झाला, बोट जागच्या जागी फिरली आणि मी कॅप्टनच्या अंगावर गेलो. सेंटरबोर्ड बुडालेल्या झाडाच्या एका खुंटाला बसला होता. मामा पाण्याच्या पुढच्या बाजूला जाळ्यांची रांग दाखवायला गेले होते आणि खुंट वीतभर पाण्याखाली, वरून काहीही दिसत नव्हतं. लाकडी बोर्डाचा टोकाचा तुकडा गेला. अशा वेळी कामाला येतो तो एक गुण : सेंटरबोर्ड खिळीवर फिरतो, आपटला की मागे सरकतो. पक्का कणा असता तर तळ फुटला असता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे खुंट सगळे वर येतात आणि मग शिडाच्या बोटीचं इथे काम नाही. पावसाळ्यात तर विचारही नको. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातून पाणी आलं तेव्हा गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली होती, भंडारा शहरात घरांत पाणी शिरलं होतं. दिवाळी ते संक्रांत, एवढाच या पाण्याचा शिडाचा मोसम समजा.

दुपारी मामांनी बोट एका पुनर्वसित गावाच्या काठाला लावायला लावली. त्या दिवशी तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, होती. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडया लागतात, प्रत्येक गावाची तारीख वेगळी, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरटी दहा-वीस पाहुणे. ओळख असलीच पाहिजे असं नाही. आम्ही लाइफ जॅकेट घालून वर चढलो तर पोरांचा घोळका मागे लागला. एका घरच्या वहिनींनी अंगणातूनच हाक मारली, “पाहुणे, जेवूनच जाजा बरं. लाजून काय होते?”

ताटात वाल-वांग्याची भाजी, लाखोरीची डाळ, भात, आणि शेवटी गरम गरम कोहळ्याचे बोंड. मी पाचव्यानंतर मोजणं सोडलं. त्या घरच्या म्हाताऱ्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही कुठून आलो विचारलं. पाण्यातून, आंभोऱ्याहून, असं सांगितल्यावर त्या जरा सरसावून बसल्या.

“पान्यातून आले? मंग आमच्या गावावरूनच आले. माहा घर दिसला का जी?”

कॅप्टनला काय बोलावं सुचेना. मी सांगितलं की पाणी फार आहे आजी, आमराईचे शेंडे तेवढे दिसले. आजींना तेवढंही पुरलं. आमराईपासून त्यांचं घर किती पावलांवर, दारात पेरू कसा, विहिरीचं पाणी कसं गोड, असं सगळं त्यांनी हातवारे करून मांडलं. रडक्या सुरात नाही बरं का, एखाद्याला पत्ता सांगावा तशा. घरातला एक पोरगा मधेच म्हणाला, “इथं पुनर्वसनाच्या अठरा नागरी सुविधा हायेत आजी.” त्यावर त्या म्हणाल्या, “हाव. मोजून पाय एकदा.” अख्खी ओसरी हसली.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हा ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि त्याचा खर्च आता कितीतरी पटींनी वाढलाय. त्या पायाभरणीच्या वर्षी या आजी ऐन उमेदीत असतील. कालव्याचं पाणी माझ्याही तालुक्यातल्या शेतांना मिळतं, त्या पाण्यावर धान होतो. त्यामुळे त्या ओसरीवर बसून मला धरणाच्या विरोधात काही बोलता येईना, आणि बाजूनेही.

रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. चौकात मांडव, पेट्या-ढोलकी, बाईचं पात्र करणारा गडी असा की मिशी काढल्याची खूण सोडली तर ओळखू येऊ नये. मधल्या बतावणीत सोंगाड्याने आम्हाला धरलं. “दोन नागपुरी बावे आले, हवा भरून फिरून रायले, पेट्रोल महाग झाला म्हनते!” मी पवनीकडचा आहे हे ओरडून सांगितलं तर म्हणाला, “मंग तं आनखीनच येडा.” पहाटेपर्यंत बसलो. भाचा मात्र बोटीत झोपला होता, पोरांनी शीड उघडून पाहू नये म्हणून.

रविवार : कडपा आणि पूर्वेचा वारा

उठलो तर आभाळ भरलेलं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे हे मोबाईल सांगत होता, आणि गाव त्याच्या आधीपासून जागं होतं. मंडईचे पाहुणे-रावळे सगळे शेतावर पळाले होते. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान नुकताच कापला होता, कडपा, म्हणजे कापून ठेवलेल्या धानाच्या मुठी, बांधीत पसरलेल्या होत्या. कापलेल्या धानाला पाणी लागलं की लोंबीतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि मग व्यापारी भाव पाडतो. माझा लवकर पिकणारा हलका धान केव्हाच घरी आला होता, म्हणून मी निवांत पाण्यावर होतो. इतरांचं तसं नव्हतं.

वहिनींनी काही विचारलं नाही. आम्हीच गेलो. कॅप्टनने आयुष्यात पहिल्यांदा धानाचा भारा डोक्यावर घेतला. चिखलातून बांधीच्या धुऱ्यावर चढताना तो जसा डोलत होता ते पाहून मला शीड नसलेल्या बोटीची दया आली. पुंजणं, म्हणजे धानाची गंजी, रचणं हे कसबी काम, ते घरच्याच बापूंनी केलं : लोंब्या आत, बुडखे बाहेर, थरावर थर, म्हणजे पाणी वरून ओघळून जातं आणि दाण्यापर्यंत पोचत नाही. आम्ही फक्त वाहिलं. दुपारी दोनपर्यंत चार पुंजणी उभी राहिली, वर ताडपत्र्या पडल्या, आणि मगच पहिले थेंब आले. थोडेसेच. बापू आभाळाकडे पाहून म्हणाले, “एवढ्यासाठी नाचवलं बा सप्प्याइले.”

तीननंतर आभाळ तसंच होतं पण वारा पूर्वेला फिरला होता, चांगला जोरात. मामा नको म्हणत होते. कॅप्टनने जिब उतरवला, नुसत्या मेनसेलवर जायचं ठरवलं, काठापासून शंभर हातांच्या बाहेर जायचं नाही असं मामांना कबूल केलं, आणि आम्ही निघालो.

या सगळ्या प्रवासातली सगळ्यात चांगली दौड हीच. करडं पाणी, करडं आभाळ, पाण्यावर पांढरे शेंडे. वारा बरोबर बाजूने, आम्ही दोघंही बाहेर झुकलेलो. मधून मधून वारा आग्नेयेकडे सरकायचा, मग टॅक मारत, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून बाजू बदलत, नागमोडी वर चढायचं. प्रत्येक टॅकला शीड फडफडून दुसऱ्या बाजूला जायचं आणि मामांचा भाचा डोंग्यातून टाळ्या वाजवायचा. एकदा झोताने बोट एवढी कलली की पाणी आत आलं. शीड ढिलं सोडलं, सरळ झालो, बादलीने उपसलं. अशा वेळी लाइफ जॅकेट अंगावर हवं, डोंग्यात ठेवलेलं नको. मोबाईल आणि सुके कपडे प्लॅस्टिकच्या बरणीत झाकण आवळून ठेवा. दुकानातल्या वॉटरप्रूफ पिशवीपेक्षा लोणच्याची बरणी भरवशाची. प्यायचं पाणी कॅनने बरोबर घ्या, संगमाखालचं पाणी का पिऊ नये ते वर आलंच आहे.

संध्याकाळी कुडकुडत उतरलो. मामांच्या साडूचं गाव होतं, गरम पाणी आणि काळा चहा तयार. त्या रात्री मी अंथरुणाला पाठ टेकल्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

सोमवार : धरण आणि पवनी

सकाळी वारा कमी, काठाकाठाने रमतगमत. दक्षिणेला धरणाची भिंत दिसायला लागली. ११ किलोमीटरांहून लांब मातीचा बांध, डोळ्यांत मावत नाही. दारांच्या आसपासचा भाग होड्यांना बंद आहे आणि तिथे जायचं मनातही आणू नये. आम्ही बऱ्याच अलीकडे, डाव्या काठाच्या एका गावाच्या उतारावर बोट वर घेतली. गावातल्या पोरांनी दोन मिनिटांत ती उचलून रस्त्यावर ठेवली आणि बदल्यात प्रत्येकाला आत बसून फोटो हवा होता. जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प इथे होणार अशी घोषणा झाली आहे. तो झाला तर मामांसारख्यांना त्यात चालक म्हणून घ्यावं, एवढीच माझी सूचना. बाहेरून आणलेल्या चालकाला शाळा कुठे आहे ते कोण सांगणार?

टेम्पो यायला वेळ होता म्हणून कॅप्टनला पवनी दाखवली. मी इतक्या जवळचा, पण पाहुणा आल्याशिवाय आपण आपलं गाव कधी पाहतो? गावाभोवती मातीचा जुना तट आणि खंदक अजून ओळखता येतो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप उजेडात आला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा इथे सापडलेला स्मृतिस्तंभ नागपूरच्या संग्रहालयात आहे. देवळं तर इतकी की पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. वैजेश्वराच्या घाटावर बसून आलुबोंडे खाल्ले. धरणाच्या खालची वैनगंगा इथे पुन्हा साधी नदी असते, वाळू आणि धार. कॅप्टन तिच्याकडे पाहून म्हणाला, इथे शीड नाही चालायचं.

मामांचे पैसे चुकते करताना त्यांनी ठरल्यापेक्षा एक गोष्ट जास्त मागितली : आमचा जुना, एका कोपऱ्याला फाटलेला जिब. पेट्रोल वाचवायचं होतं. कॅप्टनने तो दिला, बांबूची काठी डोंग्याला कशी बसवायची ते दाखवलं आणि बजावलं की डोंग्याला सेंटरबोर्ड नाही, तेव्हा वाऱ्याच्या पाठीवरच जाता येईल, वाऱ्याच्या तोंडावर नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जिब लहान पडला म्हणून त्यांनी मंडईतला पुढाऱ्याच्या शुभेच्छांचा फ्लेक्स त्याला जोडलाय. “मस्त जाते जी. पन वापस येत नाही.” आता ते वाऱ्याबरोबर दक्षिणेला जाऊन तिथे जाळी टाकतात आणि येताना तेवढं इंजिन लावतात. पेट्रोल निम्म्यावर आलंय. भाच्याची एकच तक्रार आहे : पुढाऱ्याचा चेहरा मासोळीकडे आहे, त्यानं मासोळी भेत असेल, फ्लेक्स उलटा लावावा का, हे कॅप्टनला विचारून सांगा.